भाकरीला बाई पाहिजे

३ फेब्रुवारी

डोकं फिरलंय! आजचीही बाई गेली. ‘भाकरीला बाई पाहिजे’ अशी पाटी लावल्यापासून ज्या येतात त्या माझीच मुलाखत घेतात. एसी आहे का? दुपारी पडायला जागा आहे का? आजची तर म्हणाली, “ताई, मी फक्त थापते. भाजत नाय.” थापते, भाजत नाही! मग भाजायला काय स्वानंदला बसवू?

आणि हा नवरोबा काय म्हणतो? “ऑनलाइन जाहिरात टाकू का? नीट सीव्ही मागवू.” माझ्या हातात उलथनं होतं. थोडक्यात वाचला.

विमानतळावरच्या कामगारांच्या मेसची ऑर्डर आली आहे. मार्चपासून रोजच्या तांदळाच्या भाकऱ्या. ती पेलली तर माझं हे पोळी-भाजी केंद्र उभं राहील, नाहीतर उलव्यात अशी केंद्रं गल्लोगल्ली आहेत. पण मी एकटी दोन हातांनी किती थापणार? साताऱ्याची मी, ज्वारीची सांग, डोळे मिटून करीन. तांदळाची माझ्याच्याने धड होत नाही.

७ फेब्रुवारी

मिळाली! रंजिता. इथल्या गावातलीच. पाण्याच्या हाताने थापते, तव्यावर टाकली की टम्म. एकही फाटली नाही.

पण नखरे! मागच्या दारानेच येणार. आत शिरेपर्यंत तोंडाचा स्कार्फ काढणार नाही. आधार कार्ड मागितलं तर “उद्या देते, ताई.” सासरचं आडनाव विचारलं तर हसते नुसती.

१२ फेब्रुवारी

आज ओरडले तिच्यावर. बाहेर गिऱ्हाइकं ताटकळलेली, मी फोनवर, म्हटलं दोन डबे तेवढे काउंटरवर नेऊन दे. नाही म्हणाली! तोंडावर! “बाहेर नाय येनार मी.” मालकीण कोण आहे इथे, तू की मी? भलभलतं बोलले. ती रडली नाही, उलट बोलली नाही, थापत राहिली. त्याचाच जास्त राग आला.

१३ फेब्रुवारी

आली. येईल असं वाटलं नव्हतं.

१८ फेब्रुवारी

दोनदा पान फाडलं. रागाने!

नामाशेठ आले होते. या गाळ्याचे मालक. गावात दोन बिल्डिंगी, वर राजकारणात ओळखी. “मागं गळतंय काय बघतो” म्हणत सरळ आत घुसले. आत रंजिता, कोपरापर्यंत पीठ.

सून निघाली त्यांची!

“तू? हितं?” एवढंच तिला. मग माझ्याकडे वळून, “मॅडम, नामाची सून लोकांच्या भाकऱ्या थापतंय? गावान तोंड कसा दाखवू मी? उद्यापासून माजी सून हितं दिसली तर गाला खाली करा.”

रंजिताने हात धुतले आणि त्यांच्या गाडीत जाऊन बसली. आणि मी काय म्हणाले? “मला माहीतच नव्हतं हो, शेठ.” शी!

१९ फेब्रुवारी

कुणाकुणावर चिडू? रंजितावर? आधी सांगायला काय झालं होतं! माझा गाळा टांगणीला लावला. पण एकदा म्हणाली होती, “ताई, घरान तीन गाड्या हान. पन माहेरी जायाला रिक्षाचं पैसं बी मागायला लागतान.” मला वाटलं, फेकतेय.

घरी सगळ्या भावकीच्या भाकऱ्या थापते तेव्हा गुणाची सून. इथे पगार घेऊन थापल्या की बेइज्जती! वा रे वा!

स्वानंद म्हणतो, “मालकाशी वैर नको. दुसरी बघ.” म्हटलं, माझे बाबा उद्या तुझ्या बेलापूरच्या ऑफिसात येऊन म्हणाले, आमचा जावई इथे दिसता कामा नये, तर? म्हणाला, “ते वेगळं.”

२१ फेब्रुवारी

नामाशेठच्या घरी जाऊन आले. “बसा मॅडम, चाय घ्या.” आवाजात नुसता गूळ. चहा रंजितानेच आणला. माझ्याकडे बघितलं नाही.

“तिला विचारलंत का, तिला काय हवंय ते?”

शेठ हसले. “सुनंला काय इचारायचा? माजा शब्द एकच. सून दुकानान नाय.”

त्यांची बायको, गोजराबाई, बाजूला वालाच्या शेंगा सोलत बसली होती. सासूच ती! तोंडातून शब्द नाही. नवऱ्याइतकाच तिचाही राग आला. चहा तसाच ठेवून उठले.

२४ फेब्रुवारी

पाटी परत लावली. मेसवाल्याचा फोन दोनदा वाजला. उचलला नाही. काय सांगू? मालकाच्या अब्रूपायी भाकरी बंद?

२६ फेब्रुवारी

सकाळी शटर वर केलं तर पायरीवर गोजराबाई. मला वाटलं, शेठने निरोप धाडला, गाळा सोडा म्हणून. मी भांडायच्या तयारीत. बाई सरळ आत गेली, पदर खोचला, परात ओढली.

“शेठ बोललाय, सून नको. बायको नको, असा नाय बोलला. मना हितनं कसा काढतंय बघू!”

मी तिच्यापुढे पाण्याचं भांडं ठेवलं.

“पीठ काढ. आन् पगार रंजिताचे हातान दे.”