डावीकडे सावली पाडलेल्या पाट्या

बाबा, तुम्हाला जाऊन अठरा वर्षं झाली, आणि मी आज तुमच्याशी भांडायला बसले आहे. अर्ध्या दारव्ह्याच्या दुकानांच्या पाट्या तुम्ही रंगवल्यात आणि एकाही पाटीच्या कोपऱ्यात तुमचं नाव घातलं नाहीत. बाकीचे पेंटर नाव तर घालायचेच, खाली पत्ताही लिहायचे. तुम्हाला विचारलं की म्हणायचात, "दुकान त्याचं हाय, माह्यं नाव कायले पाह्यजे?" संपला विषय. आता त्यापायी मी गावोगाव वणवण करते.

मी जुने फोटो गोळा करते. कोणाचे, ते मला माहीत नसतं आणि माहीत करून घ्यायचंही नसतं. फक्त त्यात मागे कुठे तरी पाटी दिसायला हवी. वरात चालली आहे आणि मागे किराणा दुकान. नवा ट्रॅक्टर हार घालून उभा आहे आणि मागे कृषी केंद्र. रद्दीवाल्याकडे, बंद पडलेल्या स्टुडिओत, आठवडी बाजारात, जिथे मिळेल तिथून आणते. तुमचे जावई म्हणतात, "लोकं भितीले देवाचे फोटो लावतेत, आन आपल्या घरी बंद पडलेल्या दुकानायचे." चुकीचं काही म्हणत नाहीत, म्हणून जास्तच राग येतो.

पाट्याच शोधायच्या तर फोटो कशाला, असं कोणी विचारलं तर त्याचंही खापर तुमच्याच डोक्यावर. दुकान बदललं, मालक बदलला, की तोच पत्रा परत तुमच्याकडे यायचा आणि तुम्ही तुमच्याच अक्षरांवर सफेद्याचे दोन हात मारून मोकळे व्हायचात. मग तो पत्रा स्वयंपाकघरात वाळायला यायचा, कारण रस्त्याची धूळ तेवढ्या एका खोलीत पोचत नसे. आई भाकरी थापता थापता कावायची, "पोरं जेवून राह्यले का रंग खाऊन राह्यले?" तुम्ही ऐकत नव्हता. मी पाटावर बसून जेवते आहे, समोर भिंतीला कापड दुकान टेकलेलं आहे, वरणाला टर्पेंटाइनचा वास येतो आहे. मला वाटायचं, सगळ्यांच्याच घरी असं असतं.

तुमची पाटी ओळखायची खूण एकच. बाकीचे अक्षराची सावली उजवीकडे पाडायचे आणि तुम्ही डावीकडे. डावखुरे होता, हाताला तसंच वळण असेल. पण फोटो काढणारे असे एकेक नग की बरोबर अक्षरांपुढेच कोणाचा तरी फेटा आणतात. एका फोटोत दोन अक्षरं मिळतात, दुसऱ्यात अडीच. अकरा वर्षांत एक सबंध पाटी हाती लागलेली नाही.

गेल्या आठवड्यात घाटंजीच्या बाजारात एक जुन्या फ्रेमा विकणारा दिसला. लोक देवाच्या तसबिरीसाठी फ्रेम घेतात आणि आतला फोटो हा खाली टाकतो. त्या ढिगात एका दुकानाच्या उद्घाटनाचा फोटो निघाला. माणसं हार घालून रांगेत उभी. वर पाटी, आणि चक्क सबंध! सावली डावीकडे. फक्त शेवटच्या दोन अक्षरांना सावली नाही, कारण मुहूर्त आला तरी पेंटरचं काम उरलेलं आहे. बाजूला शिडी आहे आणि फोटोच्या वरच्या कडेशी, शिडीच्या दांड्यावर, दोन अनवाणी टाचा. बाकीचा माणूस फोटोवाल्याने कापला.

मी एकदा चप्पल घालून शिडीवर चढले होते तेव्हा तुम्ही सगळ्या बाजारपेठेसमोर ओरडला होतात. "चप्पल काढ आधी! पायाले दांडा समजला पाह्यजे." दुसरा कुठला पेंटर अनवाणी चढलेला मी पाहिला नाही. म्हणजे घरात तुमचा एक धड फोटो नाही, आणि मिळालात तर टाचांपुरते. एक मिनिट खाली उतरून त्या रांगेत उभं राहायला काय झालं होतं तुम्हाला? हसू आलं, रडूही आलं, तिथेच, बाजारात.

फ्रेमवाल्याने विचारलं, "याच्यात तुमचं कोनी हाय का बाई?"

"नाई," मी म्हटलं. "मले पाटी पाह्यजे."

टाचा दाखवून हा माझा बाप, असं सांगणार तरी कसं?

घरी आल्यावर फोटो तुमच्या जावयांना दाखवला. त्यांनी निरखून पाहिला आणि म्हणाले, "मंग आपल्या दुकानाचा बोर्ड कुठं हाय? तो तं बाबांनीच रंगवलता." मी उठून चहा ठेवायला गेले.

मी टायपिंगचं दुकान टाकलं तेव्हा तुम्ही माझी पाटी रंगवलीत. हात साथ देत नव्हता, एकेका अक्षराला तुम्ही दोन-दोन दिवस घेत होता. ती तुमची शेवटची. दोन वर्षांनी मी फ्लेक्स छापायचं मशीन आणलं आणि दुकानावरही फ्लेक्सच लावायचं ठरवलं. तुम्ही अंथरुणावरून एवढंच म्हणालात, "लाव. पन माह्या बोर्डावर खिळे ठोकू नको. काढून घरी आन." पाटीला तुम्ही नेहमी कडेने तार बांधायचात, पत्र्याला खिळा लागू द्यायचा नाहीत. संध्याकाळी तुम्ही विचारलंत, "आनला का?" मी म्हटलं, "आनला, माळ्यावर ठेवला." तुम्ही माळ्यावर चढून बघू शकत नव्हता, हे मला माहीत होतं.

मशीनच्या उद्घाटनाची घाई होती. फ्लेक्सला सहा खिळे मारले, तुमच्या पाटीवरच, आरपार. त्यानंतर तीनदा फ्लेक्स बदललं. प्रत्येक वेळी पोऱ्या शिडीवर चढला की मी आत जाऊन काही तरी टाइप करत बसते. इतकी वर्षं जगाच्या पाट्या धुंडाळल्या, पण ती एक सबंध पाटी माझ्या डोक्यावर आहे आणि मी तिच्याकडे बघितलेलं नाही.

हे पत्र घाटंजीच्या फोटोमागे ठेवून देते. तिकडे तुम्ही माझं खरं धरून बसला असाल, तर सांगते. पाटी माळ्यावर नाही, बाबा. मी ती काढलीच नव्हती.