ढगातली मापं

ता. ४ मार्च

चि. ठमीस आणि तिच्यासोबत पंख्याखाली बसणाऱ्या समस्त हवामानवाल्यांस, अनेक आशीर्वाद. (हवामानवाल्यांना निम्मेच.)

आम्ही उघड्यावर राबणारी माणसं. तुमचा अंदाज चुकला की तुमचा एक कागद चुकतो, आमची महिन्याची मेहनत वाहून जाते. परवाच्या पत्रकात तुम्ही लिहिलंत, हवामान कोरडे राहील. मी, भट्टी कामगार संघटनेचा चिटणीस, ते भोंग्यावरून ठणकावून वाचलं. माझी सख्खी बहीण तिथे आहे म्हणालो, ताडपत्र्या काढा, विटांना ऊन लागू द्या. दुपारी तीनला आभाळ फाटलं. चाळीस हजार कच्च्या विटांचा चिखल! तुमचा तो उपग्रह काय झोपला होता?

गुडघा बरा आहे. उत्तर दे, लाडीगोडी नको.

तुझा दादा

ता. ९ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

उपग्रह जागा होता, झोपलो आम्ही. तो वरून हवेतली वाफ मोजतो, आणि त्या मापांवरून आमचा संगणक पुढच्या दोन-तीन दिवसांचा अंदाज बांधतो. समुद्रावरची वाफ कळायला आमच्याकडे दुसरं फारसं काही नाही. पण इथे जुना नियम आहे: मापात ढग आला की ते खराब समजून गाळायचं, कारण थेंबांमुळे वाफेचं गणित बिघडतं. म्हणजे जिथे पाऊस तयार होतोय, नेमकी तिथलीच मापं कचऱ्यात! तुझ्या पावसाआधी दोन दिवस अशी तीनशे बारा गेली. बटण मीच दाबलं, दादा.

ढगातली मापंही जपून, कमी वजन देऊन वापरता येतात, इतरत्र वापरतात. मी तसं करून तोच अंदाज पुन्हा चालवला. तुझ्या भट्टीच्या जरा पश्चिमेला, पण पाऊस उमटला. एका उदाहरणाने काही सिद्ध होत नाही, हंगामभर चाचणी घ्या, एवढंच मी साहेबांना म्हटलं. ते म्हणाले, चुकलेल्या अंदाजाच्या चौकशीसाठी आपला अहवाल तयार आहे, 'मापे उपलब्ध नव्हती', तू खाली सही कर. माझी नेमणूक याच महिन्यात संपते. मुदतवाढ त्यांच्याच हातात. काय करू?

वहिनीला नमस्कार. रागावलास तरी लोभ कमी करू नकोस.

तुझी ठमी

ता. १३ मार्च

चि. ठमीस, आशीर्वाद. या वेळी पुरेपूर.

सही करू नकोस! लहानपणी माझ्या रेडिओचे अठरा तुकडे केलेस आणि आईने विचारण्याआधीच पुढे येऊन सांगितलंस. ती पोरगी कुठे गेली? नोकरी गेली तर आमच्याकडे एक खोली रिकामी आहे. छत गळतं, पण तू आधी कळवशीलच. खोटं लिहून खुर्ची राखलीस, तर पुढचा पाऊसही असाच गाळला जाईल, आणि तेव्हा तुला ते माहीत असेल.

आता माझं ऐक. आमच्या भट्टीवर वीट पाडणारी एक आजी रोज विटा सुकायला किती वेळ लागला त्याच्या रेघा कोळशाने भिंतीवर ओढते. त्या सकाळी ती म्हणाली होती, दोन दिवस रेघा वाढताहेत, हवा घामेजलीय, ताडपत्री राहू दे. मी भोंग्यावरूनच म्हणालो, आजी, विज्ञानापुढे गप्प बसा. लोक हसले. माप मीही गाळलं, ठमे, आणि माझ्याकडे तर नियमसुद्धा नव्हता.

काल त्याच भोंग्यावरून माफी मागितली. आजी म्हणाली, आवाज जरा कमी ठेवला असतास तर ऐकू आलं असतं.

तुझाच, दादा

ता. १८ मार्च

ती. दादास, सा. न. वि. वि.

सही केली. आधी साहेबांचं वाक्य खोडलं आणि वर लिहिलं, 'मापे उपलब्ध होती. नियमाप्रमाणे मी ती गाळली. नियम बदला.' साहेब म्हणाले, मुदतवाढ विसर. मी म्हटलं, विसरले.

या अंदाजासाठी नेमलेल्या चौकशी समितीने मात्र कागद बाजूला ठेवला नाही. त्यांनी विचारलं, त्या दोन दिवसांत वाढलेली ओल जमिनीवर कुणी टिपली होती का? मी म्हटलं, भट्टीवरच्या एका आजीने टिपली होती, आणि तिलाही गप्प बसवलं होतं.

सोमवारी सकाळी अकराला आजींना समितीपुढे घेऊन ये. भिंतीवरच्या रेघा तारखांसकट वहीत उतरवून आण, त्यांना पहिल्या खुर्चीवर बसव, आणि दादा, तू मागे बस. तोंड उघडू नकोस.

तुझी ठमी