चुकलीस तरी ओरड

कंपुंग बाटू लायार, सेतियू
सोमवार, २१ एप्रिल २०२५

माझी वानी,

अस्सलामु अलैकुम. इकडे कोंबड्या बऱ्या आहेत, तुझी आई बरी आहे, छप्पर जिथं गळायचं तिथंच गळतंय. तिकडे क्वालालंपूरमध्ये तूही बरी आहेस असं तू म्हणतेस, म्हणून तेही लिहून घेते.

हे पत्र शेजारच्या चेगू सलमियाह लिहितायत. बत्तीस वर्षं शाळा चालवलीय त्यांनी, त्यामुळे हातही थांबत नाही आणि तोंडही. मी बोलते तसंच्या तसं लिहा म्हटलं, तर म्हणाल्या, "तुम्ही बोलता तसं कागदावर मावायचं नाही, वूक."

"मावेल तेवढं लिहा. उरलेलं माझ्या नातीला कळतं."

चेगू, हेही लिहा.

तू म्हणशील, तोकला आज पत्राची हौस कुठून आली, फोन कुठे गेला? फोन बिघडलाय. तुझ्या आईचाही बिघडलाय. पुढे चला, चेगू, माझ्याकडे असं बघू नका.

ईदला आलीस आणि दोन दिवसांत गेलीस. नासी दागांग अर्धी टाकून उठलीस. तेव्हापासून मी तुझ्याबद्दल विचार करते. खरं म्हणजे विचार नाही, नुसती तरंगते. सध्या मला दुपारी फार झोप येते. ओट्यावर पडलं की खाडीचं पाणी छताच्या आतल्या बाजूला हलताना दिसतं, उन्हाची जाळी नुसती. त्यात तू दिसतेस. पहिल्या वर्षीची, नुसत्या वायरी सांभाळणारी. लाल कुठली, निळी कुठली, कुठली सुई डोक्याच्या कातडीत किती खुपसायची, घरी येऊन माझ्याच घोट्यावर पट्ट्या चिकटवून सराव करायचीस. मी म्हणायचे, "बये, मी काय तुझा रेडिओ आहे?" मग तू मला समजावलं होतंस. माणूस पालथा झोपवलेला, डॉक्टर त्याच्या कण्यात, आणि तू कोपऱ्यात मशीनपाशी. घोट्याला बारीक झटका द्यायचा आणि तो डोक्यापर्यंत पोचतो का ते पडद्यावरच्या लाटेत बघायचं. लाट बसली की म्हणायचं, डॉक्टर, थांबा.

मी गावभर सांगितलं, माझी नात लाटा बघायची नोकरी करते. गाव म्हणालं, त्यासाठी क्वालालंपूरला कशाला जायचं?

पण तू चढत गेलीस. वायरींवरून मशीनवर, मशीनवरून त्या मोठ्या परीक्षेवर. पास झालीस तेव्हा मी आख्ख्या गल्लीला केरोपोक तळून घातले. चेगूंना विचार, त्यांनी नऊ खाल्ले. (चेगू म्हणतात सात.)

आता जे सांगायचंय ते. तुझ्या पुआन लेट्चुमींचा मला फोन आला होता. हो, तुझ्या त्या मोठ्या बाईंचा, तुला शिकवणाऱ्या. तुझ्या कागदांत घरचा नंबर माझा आहे. म्हणाल्या, "तोक, तुमच्या नातीनं राजीनामा दिलाय. मी तो खणात ठेवलाय. महिनाअखेरीस मला तो पुढे द्यावाच लागेल."

"का दिला?"

"दोन मिनिटांसाठी."

मग त्यांनी सगळं सांगितलं. आधी ती पहिली गोष्ट, जी तू ईदला हसत हसत सांगितली होतीस. लाट बसली, तू ओरडलीस, डॉक्टर थांबले, आख्खी खोली वीस मिनिटं खोळंबली, आणि निघालं काय तर घोट्याची वायर सुटली होती. डॉक्टर सगळ्यांसमोर बोलले, "वायर नीट लावता येत नाही आणि मला थांबवते." आणि त्यानंतरची दुसरी गोष्ट, जी तू सांगितलीच नाहीस. पंधरा दिवसांनी, ईदहून परत गेल्यावर, पुन्हा लाट बसली. या वेळी तू आधी वायरी तपासल्यास. एकदा, दोनदा, तीनदा. त्यात दोन मिनिटं गेली, मग बोललीस. तो माणूस जागा झाला तेव्हा त्याचं पाऊल उचलत नव्हतं.

पुआन म्हणाल्या, पाऊल सुधारतंय. आता काठी घेऊन चालतो. पण तू त्या दोन मिनिटांतून बाहेर येत नाहीस.

वानी, तुझ्या तोक्कीबद्दल, माझ्या नवऱ्याबद्दल, एक गोष्ट मी कुणाला सांगितलेली नाही. तुझ्या आईलासुद्धा नाही.

तोक्की मासे ऐकायचा, एवढं तुला ठाऊक आहे. इंजिन बंद, होडीत सगळे गप्प. हा एका हातानं होडीचा काठ धरून पाण्यात उतरणार, डोकं बुडवणार. खाली गेलामा मासे गुरगुरतात, थवा किती मोठा आणि कुठल्या अंगाला हे त्या आवाजावरून कळायचं त्याला. मग मोकळा हात वर यायचा. हात ज्या दिशेला, जाळं त्या दिशेला. त्यात कुणी सवाल करायचा नाही. देरामानचा हात म्हणजे देरामानचा हात.

लग्नानंतर एकदा त्यानं मलाही खाडीत डोकं बुडवायला लावलं. सगळं हिरवं. कान भरून आले, आणि त्या भरलेल्या कानांत लांबून कुणीतरी लाकडी जिन्यावरून अनवाणी उतरत असल्यासारखं वाजायला लागलं. मी घाबरून वर आले. तो म्हणाला, "ते आपल्याबद्दल बोलत नाहीयेत, वूक. घाबरू नकोस."

एका वर्षी त्यानं हात वर केला, जाळं पडलं, आणि वर काय आलं? जेलीफिश. जाळं भरून, नुसता थलथलाट. असं होतं. पाणी कधी कधी कानाशी खोटं बोलतं. माणसं हसली असती आणि विसरली असती. पण मी किनाऱ्यावर उभी होते. मी म्हटलं, "या, जेलीफिश देरामान! लग्नाची वरात आणलीत का?"

सगळा किनारा हसला. नाव चिकटलं. वर्षभर पोरंसोरं त्याच नावानं हाक मारत होती. तोही हसायचा, वानी. मला वाटलं, हसतोय म्हणजे बरं आहे.

त्यानंतर तो बुडी मारून लगेच हात वर करेना. एकदा ऐकायचा, वर येऊन दम घ्यायचा, पुन्हा ऐकायचा, तिसऱ्यांदा ऐकायचा. तोवर थवा निघून जायचा. होडीवाल्यानं दोन हंगाम वाट बघितली आणि दुसरा ऐकणारा ठेवला. गाव म्हणालं, देरामानचे कान गेले. मीही तेच म्हटलं, सोपं होतं ते. कान शेवटपर्यंत चांगले होते त्याचे. मी परसात कुजबुजलेलं त्याला पुढच्या दारी ऐकू यायचं.

चेगूंनी लेखणी खाली ठेवलीय. उचला, चेगू. झालं नाही अजून.

ईदला तू ती वायरीची गोष्ट सांगितलीस तेव्हा मावश्यांच्या देखत सगळ्यात आधी कोण हसलं? "आमची नात माणसाला नाही, वायरीला वाचवते." मीच. तू हसलीस आणि पानावरून उठलीस. त्या जेलीफिशनंतरच्या सत्तेचाळीस वर्षांत मी काही शिकले नाही. अक्षरं शिकले नाही त्याचं मला कधी वाईट वाटलं नाही, याचं वाटतं.

परवा दुपारी डोळा लागला आणि मी पुन्हा त्या हिरव्या पाण्यात होते. वर होडीचा तळ, काठावर त्याची चार बोटं. वरून हसण्याचा आवाज येत होता. पाण्याखालून हसणं गोटे घरंगळल्यासारखं ऐकू येतं. त्यात एक हसणं सगळ्यांत मोठं होतं. मला वर जाऊन तिला गप्प करायचं होतं. तोंड उघडलं, तर नुसते बुडबुडे.

जागी झाले आणि तुझ्या आईला हाक मारली. ती माझ्यापासून दोन हातांवर बसून नारळ खवत होती. तिला ऐकू गेलं नाही.

फोन बिघडलेला नाही. मी बिघडलेय. चेगू आत्ता माझ्या तोंडाला कान लावून बसल्यात. कुणी बघितलं तर म्हणेल, म्हातारी गावाची लफडी सांगतेय. मानेत गाठ आहे. ईदला मी गळ्याशी ओढणी घट्ट घेऊन बसले होते, तुला वाटलं म्हातारपणाची लाज. क्वाला तेरेंगानूचे डॉक्टर म्हणाले, आवाजाच्या दोन नसा असतात, एक आधीच दबलीय. गाठ काढताना दुसरी दुखावली तर आवाज गेला. "आमच्याकडे नस ऐकणारं मशीन नाही, क्वालालंपूरला आहे." कुठल्या इस्पितळात, तेही त्यांनी सांगितलं. मी म्हटलं, ते मला माहीत आहे.

तुला माहीत आहे माझ्याकडे काय आहे ते. शेत नाही, अक्षर नाही, दात नाहीत. बोलणं तेवढं आहे. ते गेलं तर माझं म्हणणं कागदावर तरी कोण आणि कसं उतरवणार?

पुआन लेट्चुमींना मी चेगूंच्या तोंडून फोनवर सांगितलं, मशीनपाशी वानी बसणार असेल तर येते. त्या म्हणाल्या, "घरच्या माणसाचा हात थरथरतो, तोक."

"थरथरू दे. हातानं थोडंच ऐकायचंय?"

मग म्हणाल्या, "मी तिच्या शेजारी बसेन. पण बोलेल ती."

ऑपरेशन पुढच्या सोमवारी, अठ्ठावीस तारखेला सकाळी. तुझा राजीनामा तोवर खणातच आहे. शनिवारच्या बसनं तुझी आई मला घेऊन येतेय. कागदावर मी अंगठा केलाय. तू मशीनपाशी बसलीस तर मी झोपायला तयार आहे. नाही म्हणालीस तर रविवारी संध्याकाळीच परत फिरेन, आणि जेवढे दिवस आवाज टिकेल तेवढे दिवस कुणाचीही टर उडवणार नाही. हे मला जमेल की नाही, सांगता येत नाही.

फोन करून वाद घालू नकोस. मला उलट बोलता येत नाही आणि तसं भांडण बरोबरीचं नाही.

एकच सांगते. मशीनला जरा जरी वेगळं वाटलं, तर ओरड. वायर बघत बसू नकोस. चुकलीस तरी ओरड, दहादा चुकलीस तरी अकराव्यांदा ओरड. डॉक्टर वैतागतील, वैतागू देत. त्या दिवशी, वानी, तुझ्या जन्मात पहिल्यांदाच, तू चुकलीस तरी हसायला मी जागी नसेन.

तुझ्या हातात गळा देऊन झोपणारी,
तुझी तोक, वूक