तोफेच्या पितळेची घंटा

तीर्थरूप आबा,

तुमच्या आन् आईच्या पायावर डोकं ठेवून रोहिदास जम्मूच्या दवाखान्यातनं लिहितोय. पायाची जखम भरत आलीय. काठी घेऊन कँटीनपर्यंत जातो. जेवण बरं हाय, फक्त बाजरीची भाकरी न्हाई.

सोबतच्या डब्यात घंटा हाय. ती तोफगोळ्याची रिकामी पुंगळी होती. फौजेनं तपासून दिलेल्या असल्या पुंगळ्या कापून, ठोकून वस्तू करायला एक म्हातारे कारागीर आम्हा जखमी जवानांना शिकवतात. कुणी फुलदाणी केली, कुणी दिवा. आपल्या न्हावऱ्याच्या गोठ्यात फुलदाणी काय कामाची? मी घंटा केली.

पहिल्या दिवशी हातोडीचा आवाज ऐकला आन् मी टेबलाखाली शिरलो होतो. गोळा जवळ फुटला तवापासनं तसंच व्हायचं. हे आईला वाचून दाखवू नका. आता दिवसभर मीच ठोकतो, आन् झोपही लागते.

चंद्री व्याली का? कालवड झाली का खोंड? कांदा काढला का? आईचा गुडघा कसा हाय, खरं सांगा. वस्तीवर सगळ्यांना माझा रामराम.

बाजारातनं आणलेली घंटा तुम्ही आधी गाईच्या कानाशी वाजवून बघायचा. गाय दचकली की पुढच्या बाजारी घंटा परत. इथं गाय कुठनं आणू? म्हणून डोळे मिटून माझ्याच कानाशी वाजवली.

दचकलो न्हाई, आबा. चंद्रीला खुशाल बांधा.

तुमचा,
रोहिदास