चार दुमडी

१८ नोव्हेंबर १९५७
आले एकदाची ल्योंला! जुन्या कापडांचं हे संग्रहालय लहानसंच आहे, पण खिडक्या उंच, उजेड भरपूर आणि माझ्यासाठी कोरं करकरीत टेबल. इथल्या प्रमुख मादाम तेव्हने म्हणजे सात पिढ्यांचं विणकर घराणं. मी तूर शहरची म्हटल्यावर म्हणाल्या, तिकडेही रेशीम विणतात म्हणे, पण आम्ही ल्योंवाले ते फारसं मनावर घेत नाही. मी मनापासून हसले. माझी लेक ओदिल गेल्यापासून, म्हणजे सहा वर्षांत, मला कुणी चिडवलंच नव्हतं.

२० नोव्हेंबर
पहिलं काम हाती आलं. दोनशे वर्षांपूर्वीच्या एका लहान मुलीच्या झग्याचा घेर, तोही हातभरच उरलेला. फिकट पिवळ्या रेशमावर गुलाबाच्या वेली. भिंगातून धागे मोजले, नक्षी उतरवून घेतली. वाढत्या अंगाचा झगा आहे, खाली चार आडव्या दुमडी घातल्यात. मूल वाढेल तशी एकेक उसवायची. इथे एकही उसवलेली नाही.
ओदिलच्या निळ्या फ्रॉकला मी अशाच तीन घातल्या होत्या. घटसर्पाने तीन दिवसांत गेली. त्याच फ्रॉकमध्ये तिला पुरली.
दुमडीत रेशीम तुटतं, म्हणून उसवून सपाट करू का, असं मादामना विचारलं. त्या एकदम गंभीर झाल्या.
"हात लावू नकोस. आमच्या विणकरांच्या टेकडीवर मूल समोर उभं करूनच दुमड उसवतात. समोर कुणी नसलं, तर कुणीतरी येऊन उभं राहतं."

२४ नोव्हेंबर, रविवार
मादाम चर्चला गेल्या होत्या. पहिली दुमड उसवली. कापडासाठी, असं स्वतःला सांगितलं. खरं म्हणजे त्या मिटलेल्या दुमडी मला बघवेनात. आतले गुलाब लालभडक निघाले, दोनशे वर्षांत ऊन न लागलेले. खूप रडले.
दुपारी खिडकीच्या काचेवर लहान पंजाचा ठसा दिसला. माझ्या कमरेच्या उंचीवर.

२८ नोव्हेंबर
दुसरीही उसवली. ठसा आता माझ्या छातीशी. खोलीत ओदिलच्या साबणाचा वास येतो.
माझ्या कामाच्या डगल्याच्या बाह्या बोटांवर येतात. धुण्यात सैल झाला असेल.

२ डिसेंबर
तिसरी. स्टुलावर पुस्तकं ठेवून बसावं लागतं. मादामनी मला पाहिलं, मग कापड पाहिलं आणि खुर्ची धरून खाली बसल्या. म्हणाल्या, आत्ताच्या आत्ता त्याच भोकांतून परत शिव. एक टाका घातला, रेशीम पिठासारखं झडलं. दुसरा घातलाच नाही.
मला शिवायचंच नव्हतं. ओदिल आज नऊ वर्षांची असती.

६ डिसेंबर
ती दिसली. दाराशी, लांब वेणी, अंगात तोच पिवळा झगा. ओदिलचे डोळे करडे होते, हिचे काळे. ही ओदिल नाही. ठाऊक आहे मला.
पण मला 'आई' म्हणाली. सहा वर्षांत मला कुणी—
मादामनी कापडाच्या खोलीला कुलूप लावलं. किल्ली तिने आणून दिली.

८ डिसेंबर, तिन्हीसांज
आज इथला दिव्यांचा सण, गावभर खिडक्यांत मेणबत्त्या. माझा हात कठड्याला पोहोचत नाही. आमच्या खिडकीत तिनेच लावल्या— केवढी उंच—
चौथी मीच उसवली. तिने सांगितलं म्हणून नाही. एक तरी मोठी झालेली बघायची होती.
रेशमाचे नुसते धागे उरले. ती आपल्या उघड्या पायांकडे बघते आहे.
"आई, झगा अजून तोकडाच होतोय गं."
म्हटलं, कापड संपलं, बाळा.
कात्री घेतली तिने. प्रेमानेच हात धरला माझा. म्हणते, अशी समोर उभी राहा, सरळ, हलू नकोस— मी राहिलेय— ती खाली बसून माझ्या अंगातली पहिली दुमड