न वाकलेली पाठ

शुक्रवार, मार्गशीर्ष, १९७२

वाचनालयातल्या जुन्या मासिकात आज ॲल्युमिनियमवर लेख सापडला, आपली जर्मनची भांडी ज्याची होतात त्यावर. धातू काढताना भट्टीत फ्लोरिनचा क्षार घालतात म्हणे. त्याची वाफ वर्षानुवर्षं छातीत गेली तर फ्लोरिन हाडांत साठतं आणि कणा ताठ होतो. आमचे हे बारा वर्षं तसल्याच भट्टीवर होते.

शेवटच्या दिवाळीला घरी आले तेव्हा सासूबाईंना उभ्यानंच हात जोडले. वाकले नाहीत. मी चारचौघींत म्हणाले, "साहेब झालेत, आता कशाला वाकतील?" सगळ्या हसल्या. हेही हसले. का हसले असतील?

हे गेले तरी सासूबाईंच्या मनातून ते गेलं नव्हतं. संध्याकाळी त्यांना लेख वाचून दाखवला.

"म्हंजी माज न्हवता त्याला?"

"न्हाई आत्याबाई. वाकताच येत न्हवतं."

मग म्हणाल्या, "येड्यानं कुनाला सांगायचं तरी."

सांगितलं होतं. त्या दिवाळीच्या सकाळीच, आतल्या खोलीत, मला. पाठ वाकत नाही म्हणाले होते. मला ते सोंग वाटलं. सासूबाईंना एवढं मात्र माझ्याच्यानं सांगवलं नाही.