पाणबुडीची खिडकी

सनीव्हेल, मंगळवार संध्याकाळ

बाई वर आल्या. सुखरूप! जगभर ज्यांचे सिनेमे हाउसफुल्ल जातात, त्या आमच्या डायरेक्टर बाई आज पाणबुडीतून एकट्याच समुद्राच्या तळाशी गेल्या होत्या. पाणबुडीच्या खिडकीचं डिझाइन माझं. मध्येच संपर्क तुटला, तो पाऊण तास. खिडकीला तडा गेला असेल का? गणित मी तीनदा तपासलं होतं ना? ऑफिसमध्ये बसून चौथ्यांदा तपासलं.

मग जहाजावरून त्यांचाच फोन आला. "तुझी खिडकी उत्तम होती."

"खाली काय दिसलं?"

"नुसता गाळ. पण एवढी वर्षं सिनेमे केले, ते तिथं जायला मिळावं म्हणूनच."

त्या हसत होत्या की रडत, कळलं नाही. मी मात्र रडलो. घरी येऊन वरणभात दोनदा वाढून घेतला.